टोपी नेमकं काय बघते? हॉगवर्ट्समधलं आपलं हाऊस ओळखायची रीत

हॅरी पॉटर नुकताच वाचायला घेतला की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी विचारतं, "तुझं हाऊस कोणतं?" हाऊस म्हणजे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतल्या चार गटांपैकी एक. बरेच जण "ग्रिफिनडॉर" म्हणून मोकळे होतात, कारण हॅरी तिथला. थोडे चिकित्सक असतील ते नेटवर चाचणी देतात. सकाळी रेव्हनक्लॉ येतं, रात्री हफलपफ, आणि उत्साह टिकला तर तिसऱ्या खेपेला स्लिदरिन. मग "काही अर्थ नाही यात" म्हणून विषय मिटतो.

अर्थ आहे, पण प्रश्न चुकीचा विचारला जातो. "मी कसा आहे?" किंवा "मी कशी आहे?" असं विचारून हाऊस सापडत नाही. "मला नक्की काय हवंय, आणि कशावाचून माझं चालणार नाही?" हे विचारलं की सापडतं. पुस्तकात मुलांना हाऊस वाटून देणारी जादूची टोपीही हेच बघते. पुढच्या पायऱ्या कागद-पेन घेऊन केल्यात तर एका बैठकीत काम होईल. फक्त एक सूचना: सातही पुस्तकं वाचून झाली नसतील तर वाटेत काही रहस्यं फुटणार आहेत.

आणि सुरू करण्याआधी आपल्या शाळेतली हाऊसेस डोक्यातून काढून टाका. लाल, निळं, हिरवं, पिवळं. हजेरीपटावरच्या क्रमानं वाटलेली, आणि खेळांच्या दिवसापुरती जिवंत होणारी. नवोदय विद्यालयात शिकलेल्यांना हा मामला जास्त कळेल. तिथे अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही नुसती नावं नसतात, मुलं हाऊसप्रमाणे राहतातसुद्धा. हॉगवर्ट्सही निवासी शाळा आहे. एकदा हाऊस लागलं की सात वर्षं झोपणं, जेवणं, अभ्यास, भांडणं सगळं त्याच मुलांबरोबर. फरक इतकाच की नवोदयात कोणी तुमच्या डोक्यात शिरून बघत नाही.

पायरी १ : टोपीची पद्धत समजून घ्या

गॉड्रिक ग्रिफिनडॉर, हेल्गा हफलपफ, रोवेना रेव्हनक्लॉ आणि सालझार स्लिदरिन या चौघांनी हजारेक वर्षांपूर्वी शाळा काढली. हयात असेपर्यंत आपापली मुलं तेच निवडायचे. आपल्या माघारी कोण निवडणार, असा प्रश्न पडला तेव्हा गॉड्रिकनं डोक्यावरची टोपी काढली आणि चौघांनी तिच्यात थोडी थोडी अक्कल घातली. तेव्हापासून दर १ सप्टेंबरच्या रात्री ही ठिगळं लावलेली मळकी टोपी तिवईवर बसते, नवीन गाणं म्हणते आणि अकरा वर्षांच्या पोरांची वाटणी करते.

आता ती कोणाला कुठे टाकते ते बघा. ड्रेको मालफॉयच्या डोक्याला जेमतेम टेकली आणि ओरडली, स्लिदरिन. हॅरीच्या डोक्यावर मात्र बराच वेळ घोटाळली. धैर्य आहे, डोकंही वाईट नाही, स्वतःला सिद्ध करायची तहान तर जबरदस्त. स्लिदरिनमध्ये मोठा होशील, असं तिनं सुचवूनही पाहिलं. हॅरी मनात एकच घोकत होता, स्लिदरिन नको. आणि टोपीनं ऐकलं.

हर्मायनी वर्गात सगळ्यात हुशार. तरी ती रेव्हनक्लॉमध्ये नाही. पाचव्या पुस्तकात रेव्हनक्लॉचाच एक मुलगा तिला विचारतो की तू आमच्याकडे कशी नाहीस. टोपीनं त्याचा गंभीरपणे विचार केला होता, हे ती मान्य करते. पण पहिल्या पुस्तकाच्या शेवटी, खरी वेळ आल्यावर, पुस्तकं आणि हुशारी यापेक्षा मैत्री आणि धैर्य मोठं आहे, असं हॅरीला सांगणारीही तीच. नेव्हिल लाँगबॉटम तर उलट टोकाचा. भित्रा, विसरभोळा, आजीच्या धाकात वाढलेला. टोपीनं त्याच्यावरही खूप वेळ घेतला. लेखिकेनं नंतर लिहिलंय की ग्रिफिनडॉरच्या नावाचं दडपण येऊन तो हफलपफसाठी विनवण्या करत होता. टोपीनं त्याचं ऐकलं नाही.

हॅरीचं ऐकलं, नेव्हिलचं नाही. वरवर हा पक्षपात वाटतो, पण तसा तो नाही. हॅरी म्हणत होता, मला असं व्हायचं नाही. नेव्हिल म्हणत होता, मला जमणार नाही. पहिलं हे मूल्य आहे, दुसरी नुसती भीती. स्वतःचं हाऊस ठरवताना ही गाळणी कायम हाताशी ठेवा: "नको" आणि "जमणार नाही" वेगळं करा.

पायरी २ : चार घरांची खरी ओळख

ग्रिफिनडॉर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून उरकून टाकतो. लाल-सोनेरी, सिंह, मनोऱ्यातली खोली, दारावर फॅट लेडीचं चित्र. धैर्य, दिलदारी, अन्यायाला तिथल्या तिथे तोंड देणं. याची काळी बाजू पुस्तकांनी लपवलेली नाही, वाचकच विसरतात. हॅरीचे वडील जेम्स शाळेत असताना गंमत म्हणून स्नेपला सगळ्यांसमोर उलटं टांगतात. ज्याला प्रेक्षक लागतात ते धैर्यही ग्रिफिनडॉरचंच. आणि मित्रांचा घात करणारा पीटर पेटिग्र्यू याच मनोऱ्यात सात वर्षं झोपला.

हफलपफवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त अन्याय याच घरावर होतो. पिवळं-काळं, बिज्जू हा प्राणी, तळघरात स्वयंपाकघराशेजारी खोली. दार उघडायला कोडं नाही की परवलीचा शब्द नाही. पिंपांच्या राशीतल्या ठरावीक पिंपावर "हेल्गा हफलपफ" या नावाच्या ठेक्यात टकटक करायची. ठेका चुकला की अंगावर व्हिनेगर. सातही पुस्तकांत हॅरी या खोलीत एकदाही पाऊल टाकत नाही. बाकी तिन्ही खोल्या तो बघतो. वाचकालाही म्हणून हे घर नीट दिसत नाही, आणि "जे कुठेच बसत नाहीत ते हफलपफ" असा समज पसरतो.

सेड्रिक डिगरी आठवा. तिसऱ्या पुस्तकात क्विडिच या झाडूवर बसून खेळायच्या खेळाचा सामना चालू असताना डिमेंटर नावाचे भयंकर जीव मैदानात घुसतात, हॅरी झाडूवरून पडतो आणि त्याच क्षणी सेड्रिक स्निच, म्हणजे सामना संपवणारा चेंडू, पकडतो. सामना जिंकला. पण काय झालं ते कळल्यावर हाच पोरगा सामना पुन्हा खेळवा म्हणून मागे लागतो. जिंकलेला माणूस फेरसामना मागतोय, आणि तोही टाळ्या मिळाव्यात म्हणून नाही. शेवटच्या लढाईच्या रात्री, ज्यांना थांबायचंय ते थांबा असं सांगितल्यावर, स्लिदरिनचं टेबल पूर्ण रिकामं होतं, रेव्हनक्लॉची काही मोठी मुलं बसून राहतात, हफलपफची त्याहून जास्त, आणि ग्रिफिनडॉरची निम्मी. शौर्याचा ठेका ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यातली एवढी पोरं का थांबली? कारण ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं जेवलो त्यांना सोडून जाणं त्यांना पटेना. कष्ट, सचोटी, निष्ठा हे शब्द वाचताना मिळमिळीत वाटतात, निभावताना नाही. अर्थात झकारायस स्मिथही हफलपफचाच, आणि तो त्याच रात्री लहान मुलांना ढकलत पळतो. कुठलंच घर धुतल्या तांदळाचं नाही.

रेव्हनक्लॉ म्हणजे मार्कांचं घर, हा दुसरा गैरसमज. निळं आणि ब्राँझ, गरुड, उंच मनोरा. दारावरचा गरुडाच्या आकाराचा कडा प्रत्येकाला कोडं घालतो. अग्निपक्षी आधी की ज्वाळा आधी? वर्तुळाला सुरुवात नसते, असं ल्यूना लव्हगुड सांगते आणि दार उघडतं. उत्तर आलं नाही तर बाहेर उभं राहायचं, कोणीतरी बरोबर उत्तर देईपर्यंत. तेवढंच शिकायला मिळतं, असं ल्यूनाच म्हणते. परीक्षेत पहिला येणारा मुलगा इथे बसेलच असं नाही. "हे परीक्षेला आहे का?" असं विचारणारा तर नक्की नाही. परीक्षेला नसलेलं वाचत बसून परीक्षा बुडवणारा बसेल. काळी बाजू: याच हुशार मुलांनी ल्यूनाच्या वस्तू लपवून ठेवल्या होत्या, आणि बढाईखोर गिल्डरॉय लॉकहार्टही इथलाच.

स्लिदरिनबद्दल दोन टोकाचे पंथ आहेत. एकाला सगळे स्लिदरिन दुष्ट वाटतात, दुसऱ्याला ते फक्त गैरसमजाचे बळी वाटतात. दोन्ही चूक. हिरवं-चंदेरी, साप, तळ्याखालची खोली. महत्त्वाकांक्षा, चातुर्य, मार्ग काढण्याची हातोटी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वाईट झालेला प्रत्येक जादूगार स्लिदरिनचा होता, असं शाळेचा रखवालदार हॅग्रिड पहिल्याच पुस्तकात ठोकून देतो. गंमत म्हणजे त्या काळात सगळं जग सिरियस ब्लॅकला घातकी समजत होतं, आणि सिरियस ग्रिफिनडॉरचा होता. हॅग्रिडच्या विधानाची ही अवस्था. शिवाय स्लिदरिनच्या रेग्युलस ब्लॅकनं दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टविरुद्ध गुपचूप जीव दिला, स्लगहॉर्न शेवटच्या लढाईत हिरव्या नाइटड्रेसवर लढायला उतरला. पण शुद्ध रक्ताचं वेड सालझारनं स्वतः पेरलं, ते या घराच्या पायातच आहे, हेही नाकारू नका. "मी स्लिदरिन" म्हणताना महत्त्वाकांक्षा घ्या. जन्मावरून माणूस मोजायची सवय घेऊ नका. ती आपल्याकडे आधीच भरपूर आहे.

पायरी ३ : कोणता शब्द झोंबतो?

अधिकृत चाचणीत एक प्रश्न आहे: लोकांनी तुम्हाला काय म्हटलेलं सगळ्यात जास्त लागेल? सामान्य, अडाणी, भित्रा, की स्वार्थी?

ढोबळमानानं सामान्य म्हटलेलं स्लिदरिनला झोंबतं, अडाणी म्हटलेलं रेव्हनक्लॉला, भित्रा म्हटलेलं ग्रिफिनडॉरला आणि स्वार्थी म्हटलेलं हफलपफला. पण आपल्या घरांत एक अडचण होते. "स्वार्थी" ही शिवी आपल्याला इतक्या लहानपणी शिकवलेली असते की हात आपोआप तिकडेच जातो. म्हणून असा प्रश्न स्वतःला नुसता विचारू नका. डोळ्यांसमोर एक माणूस आणा, ज्याच्या मताला तुम्ही किंमत देता. तो तुमच्यामागे, तुम्ही खोलीत नाही असं समजून, हा शब्द वापरतोय. "चांगला आहे हो, पण तसा सामान्यच." "मनानं बरी आहे, पण ऐन वेळी कच खाते." चारही वाक्यं कागदावर लिहून मोठ्यानं वाचा. एखाद्यावर तुम्ही लगेच खुलासा द्यायला लागाल. तो खुलासा ज्याच्यावर सुरू झाला, तिथे खूण करा.

कौतुकाचंही असंच करा. "काय डोकं आहे!", "तुझी हिंमत मानली", "तू आहेस म्हणून काळजी नाही", "शेवटी काम काढलंसच". आपल्याला सगळ्यात जास्त वेळा मिळतं ते कौतुक लिहू नका. जे ऐकल्यावर रात्री उशीवर डोकं टेकूनही आठवतं, ते लिहा.

पायरी ४ : सोसायटीची सभा

ही पायरी माझ्या आवडीची. सोसायटीची सर्वसाधारण सभा डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी कपांत गार होत चाललेला चहा, सेक्रेटरी मागच्या सभेचं इतिवृत्त कोणी ऐकत नसताना वाचतायत. लिफ्ट कधीची बंद आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. दुरुस्तीचं कोटेशन आलंय आणि रक्कम फुगवलेली वाटतेय.

पहिला माणूस इतिवृत्त संपायचीही वाट बघत नाही. उभा राहतो आणि सरळ विचारतो, "हे कंत्राट कोणाच्या मेहुण्याला दिलंय, ते आधी सांगा." सभेत शांतता.

दुसरी बाई हातात कोटेशनची झेरॉक्स घेऊन आलीय. पेन्सिलीनं खुणा केल्यात. ज्या भागाचे पैसे लावलेत तो भाग वार्षिक देखभालीच्या करारातच येतो, हे तिनं घरी बसून शोधलंय. तिला कोणाशी भांडायचं नाही. आकडा चुकीचा आहे, एवढंच तिला सहन होत नाही.

तिसरा माणूस सभेत फारसा बोलत नाही. इतके दिवस आजींचं दूध, औषधं आणि गॅसचा सिलिंडर कोण वर नेत होतं, हे फक्त वॉचमनला माहीत आहे.

चौथी सभेला येण्याआधीच काम उरकून आलीय. कोण कुठे मत देणार हे तिला ठाऊक आहे, दुसऱ्या कंत्राटदाराचा स्वस्त दर तिच्या फोनमध्ये आहे, आणि तो ती सगळे दमल्यावर, नेमक्या वेळी काढणार आहे.

यातले तुम्ही कोण? लगेच उत्तर सुचलं असेल तर लिहून ठेवा, पण त्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी ५ : "कसं" बाजूला ठेवा, "का" विचारा

कारण वरच्या सभेत आपण फक्त वागणं बघितलं. आता प्रत्येकाला विचारू, हे केलंस का?

उभं राहून ओरडणाऱ्याला अन्याय सहन होत नाही म्हणून तो ओरडला असेल, तर ग्रिफिनडॉर. पण पुढच्या वर्षी सेक्रेटरीच्या जागेसाठी उभं राहायचंय आणि आज आवाज ऐकवून ठेवायचा होता, असं असेल तर तो खुशाल स्लिदरिनला जाईल. सगळी मतं आधी गोळा करून आलेल्या चौथीनं ते आजींसाठी केलं असेल, म्हणजे "त्या खाली उतरल्या पाहिजेत, कोणाला श्रेय मिळतं याच्याशी मला कर्तव्य नाही" असं असेल, तर ती आतून हफलपफ आहे, फक्त हत्यारं स्लिदरिनची वापरते. दूध वर नेणारा माणूस आजींच्या गप्पांमधून जुन्या गिरणगावाच्या गोष्टी गोळा करायला जात असेल तर रेव्हनक्लॉ.

हौशी वाचकांत यासाठी एक सोयीची रीत रुळली आहे. प्रत्येकाची दोन हाऊसेस मानायची. पहिलं "का" चं, दुसरं "कसं" चं. आपण कशासाठी झटतो ते पहिलं, झटताना हात आपोआप कुठे जातो ते दुसरं. टोपी हा भेद बोलून दाखवत नाही, पण तिचे बरेचसे अवघड निर्णय या रीतीनं सुटतात. हर्मायनीचं "कसं" उघडच रेव्हनक्लॉ: अडचण आली की ग्रंथालय. तिचं "का" ग्रिफिनडॉर. पर्सी वीझलीचं "का" सरळ महत्त्वाकांक्षा, आणि तरी तो ग्रिफिनडॉर. पदासाठी घरच्यांना सोडून गेलेल्या त्याला परत यायला शेवटच्या लढाईची रात्र उजाडावी लागली, पण आला. म्हणजे टोपीला त्याच्या आत, महत्त्वाकांक्षेच्याही खाली, काहीतरी दिसलं असणार.

दोन्ही लिहा. हाऊस म्हणून सांगायचं ते "का" चं.

पायरी ६ : कोणाचा हेवा वाटतो?

ही पायरी फक्त नेव्हिलसारख्यांसाठी, म्हणजे ज्यांना वाटतं की आपल्याकडे काहीच खास नाही. आपल्याकडे काय आहे हे त्यांना दिसत नाही, पण दुसऱ्याकडचं काय हवंय ते मात्र लख्ख दिसतं. ओळखीतली तीन माणसं लिहा, ज्यांच्यासारखं व्हावंसं वाटतं. प्रत्येकासमोर एकच शब्द. पैसा, रूप, नशीब हे शब्द खोडा. उरलेल्यांत धाडस दोनदा आलं, तर तुम्ही कितीही घाबरट असा, ग्रिफिनडॉरकडे बघा. नेव्हिल पहिल्याच वर्षी आपल्याच तीन मित्रांना अडवायला मध्यरात्री उभा राहतो, हातपाय कापत असताना. त्याबद्दल मिळालेल्या दहा गुणांनीच ग्रिफिनडॉर त्या वर्षीचा हाऊस कप जिंकतं. शेवटच्या पुस्तकात पेटलेल्या टोपीतून तलवार उपसणारा तोच.

पायरी ७ : आता चाचणी द्या

अधिकृत चाचणी पूर्वी पॉटरमोअर नावाच्या संकेतस्थळावर होती आणि तिच्यातले प्रश्न लेखिकेनं स्वतः लिहिल्याचं सांगितलं जातं. सात-आठ प्रश्न असतात. काही सरळ, काही विचित्र. चंद्र की तारे? चार रस्त्यांपैकी कुठला खुणावतो? दोन मित्रांबरोबर पूल ओलांडायचाय आणि नदीतला राक्षस तुमच्यापैकी एकाशी लढल्याशिवाय सोडणार नाही, तर काय करणार: त्याला गोंधळात टाकणार, चिठ्ठ्या टाकणार, तिघं मिळून लढणार, की स्वतः पुढे होणार?

माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न मुख्याध्यापकांच्या खोलीचा. एक राक्षस तिथे घुसलाय आणि तीन वस्तू फोडणार आहे: एका जीवघेण्या रोगावरचं जवळजवळ तयार झालेलं औषध, हजार वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी, आणि अनोळखी लिपीतलं एक गूढ हस्तलिखित. कुठल्या क्रमानं वाचवणार? औषध पहिलं, हे सगळेच म्हणतील. खरी मजा दुसऱ्या जागेत आहे. तिथे माणूस स्वतःशी थोडा वेळ भांडतो.

देताना दोन पथ्यं पाळा. एक, पुस्तकं वाचलेल्या माणसाला कुठलं उत्तर कुठे नेतं हे कळतं आणि तो नकळत तिकडेच सरकतो. म्हणून प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा आणि तीन सेकंदांत उत्तर द्या. दोन, मनासारखं आलं नाही म्हणून लगेच पुन्हा देऊ नका. मात्र निकाल बघितल्यावर पोटात काय झालं तेवढं टिपून घ्या. हायसं वाटलं की खट्टू झालात? खट्टू झाला असाल तर कुठलं घर हुकल्याचं वाईट वाटलं, ते कागदावर लिहा. चाचणीचा खरा उपयोग एवढाच.

दोन घरांत अडकलात तर

लाजू नका, भले भले अडकले आहेत. टोपीला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर हॉगवर्ट्समध्ये त्याला हॅटस्टॉल म्हणतात. पुढे तिथेच शिक्षिका झालेल्या मॅकगोनागल बाईंवर टोपीनं साडेपाच मिनिटं घालवली, ग्रिफिनडॉर आणि रेव्हनक्लॉच्या मध्ये. पेटिग्र्यूवरही असाच वेळ घेतला, आणि तिथे ती चुकली असं म्हणायला भरपूर वाव आहे.

ग्रिफिनडॉर आणि स्लिदरिनमध्ये अडकलात, तर स्वतःला विचारा: हरणार हे नक्की माहीत असतानाही मी लढायला उतरेन का? "हो, उतरायलाच हवं" असं आलं तर ग्रिफिनडॉर. "हरायचंच असेल तर आज नाही, तयारी करून उद्या" असं आलं तर स्लिदरिन, आणि हे उत्तर पहिल्याइतकंच शहाणपणाचं आहे. रेव्हनक्लॉ आणि स्लिदरिनमध्ये: जे शिकलात ते कोणालाही कधीच सांगता येणार नाही, वापरताही येणार नाही, तरी शिकाल? हफलपफ आणि ग्रिफिनडॉरमध्ये: मित्र चुकीचा वागला तर त्याच्यासमोर उभे राहता की शेजारी? रेव्हनक्लॉ आणि हफलपफची जोडी सोपी. गटातला एक जण मागे पडलाय आणि विषय ऐन रंगात आलाय. थांबता की पुढे जाता?

यानंतरही सुटलं नाही तर थोडी वर्षं जाऊ द्या. मुख्याध्यापक डंबलडोर स्वतः स्नेपला म्हणून गेलेत की आपण मुलांची वाटणी फार लवकर करतो. अकराव्या वर्षीचं उत्तर पस्तिसाव्या वर्षी तेच असावं, असा नियम कुठे आहे?

घरच्यांचं हाऊस म्हणजे आपलं नव्हे

वीझली झाडून सारे ग्रिफिनडॉर, त्यामुळे घराणं बघून हाऊस लागतं असं वाटतं. सिरियसचं अख्खं खानदान स्लिदरिन, तो एकटा सुटला. सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र आपल्याच आडनावाचं आहे: पाटील. पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी. पुस्तकात पार्वती ग्रिफिनडॉर, पद्मा रेव्हनक्लॉ. एका पोटी, एका वेळी जन्मलेल्या दोघींना टोपीनं दोन मनोऱ्यांत पाठवलं. सिनेमावाल्यांनी दोघींना ग्रिफिनडॉरमध्येच बसवून टाकलं, त्यामुळे सिनेमे बघून आलेल्या माणसाशी यावरून वाद होणार. पुस्तक दाखवा आणि मोकळे व्हा.

नवरा-बायको, भावंडं, कॉलेजचे मित्र यांनी एकमेकांचं हाऊस ओळखायचा खेळ जरूर करा, पण आपलं उत्तर आधी लिहून घडी घालून ठेवा. बहुतेकदा इतर जण आपलं "कसं" अचूक सांगतात आणि "का" साफ चुकतात.

मफलर घेण्याआधी

हाऊस ठरलं की लोक खरेदीला निघतात. रेव्हनक्लॉवाल्यांनी जरा जपून. पुस्तकात निळं-ब्राँझ आणि गरुड आहे, पण सिनेमांत रंग निळा-चंदेरी आणि पक्षी कावळ्याच्या जातीचा दिसतो. बाजारात दोन्ही मिळतं. ज्या मित्रमंडळींत घालणार ती पुस्तकवाली आहेत की सिनेमावाली, ते बघून घ्या. हफलपफवाल्यांना दुकानात माल कमी दिसेल. नाराज होतील, पण दुकानदाराशी भांडणार नाहीत. पुण्या-नाशकात डिसेंबरच्या सकाळी मफलर निभावतो. मुंबईच्या दमटात लोकरीचा मफलर गळ्यात घालून लोकलनं फिरणाऱ्याला मात्र वरच्या सातही पायऱ्या माफ. तो ग्रिफिनडॉरच.